पहिला मोजा विणताना हमखास बिघडतं ते: टाचेचं भोक, सांध्यातली शिडी आणि मापाचा घोळ

मोजा विणताना चूक एका जागी होते आणि दिसते दुसरीकडे. टाचेच्या कोपऱ्यातलं भोक टाके उचलताना लक्षात येतं, पण ते पडायला सुरुवात चाळीसेक ओळी आधीच झालेली असते. मोजा टाचेवरून वर चढेना की दोष टाचेला दिला जातो, आणि अडवणूक करत असते ती सगळ्यात पहिली कड. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या उसवून पुन्हा तसंच विणलं तर भोक पुन्हा तिथेच येतं. दुसऱ्यांदा उसवल्यावर बरेच जण सुया गुंडाळून ठेवतात, ते यामुळेच.

खालचं सगळं एकाच हिशोबावर बेतलं आहे, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. वरून खाली विणायचा मोजा, ६४ टाके, मोज्यासाठीची बारीक लोकर (१०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर), २.२५ ते २.५ मिमी सुया, आणि १० सेंमीत ३२ टाके. ही वीण स्वेटरच्या मानाने कडक लागते हाताला. ती तशीच हवी. सैल विणलेला मोजा पहिल्या दिवशी मऊ वाटतो आणि टाचेत लवकर विरतो. लोकरीत २० ते २५ टक्के नायलॉन असेल तर आणखी बरं. सुती धाग्याला स्वतःची ताण नसते, त्यामुळे सुती मोजा घोट्यावर गोळा होतो. पहिल्या मोज्याला तो नकोच.

मोजा ढगळ होतो, पायावर फिरतो

चवड्याचा घेर टेपने मोजला, २२ सेंमी आला, आणि २२ सेंमीचाच मोजा विणला, की तो ढगळ होणारच. मोजा पायावर टिकतो तो ताणून बसल्यामुळे. घेरातून दहावा भाग वजा करायचा: २२ मधून २ गेले, राहिले २०. एका सेंमीत ३.२ टाके, म्हणून २० गुणिले ३.२, म्हणजे ६४. उत्तर नेमकं आलं नाही तर चारने भाग जाणारी जवळची संख्या घ्या, कारण पुढे टाच निम्म्या टाक्यांवर आणि बोटं चारच्या हिशोबाने विणली जातात.

इतकं करूनही माप चुकतं, कारण नमुना, म्हणजे टाके मोजण्यासाठी आधी विणलेला तुकडा, सपाट विणलेला असतो. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट असते. बहुतेकांचे उलट टाके थोडे सैल पडतात. मोजा गोल विणताना उलट ओळच नाही, सगळं सुलट. त्यामुळे सपाट नमुन्यात ३० टाके आले तरी गोल विणताना तेच हात ३२ देतात, किंवा कुणाचे ३३. वेगळा गोल नमुना विणायचा कंटाळा असेल तर मोज्याच्या पायाची नळीच नमुना समजा: वरच्या उलट-सुलट पट्टीनंतर ५ सेंमी साधं विणा, सपाट ठेवा, न ताणता रुंदी मोजा. २० सेंमी घेराच्या मोज्याची आडवी रुंदी १० सेंमी यायला हवी. ११ आली तर तिथेच उसवा. ‘धुतल्यावर बसेल’ या आशेवर पुढे जाऊ नका. लोकर धुतल्यावर बहुधा सैलच होते.

मोजा टाचेवरून चढत नाही

चवडा २२ सेंमीचा असला तरी टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरपर्यंतचा तिरका घेर ३० च्या आसपास असतो. वरच्या कडेला तेवढं ताणून पुन्हा मिटायचं असतं. वीण ताणली जाते, टाके घातलेली कड ताणली जात नाही, आणि तिथे सगळं अडतं.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे दोन सुया एकत्र धरून टाके घालणे. त्याने फारसं साधत नाही. दोन सुयांमुळे टाक्याचा फास मोठा होतो, पण कडेची ताण ठरते दोन टाक्यांमधल्या धाग्यावर. एकच सुई घ्या, आणि प्रत्येक नवा टाका आधीच्याला चिकटवून न बसवता मध्ये अर्ध्या सुईच्या जाडीइतकी जागा सोडा. टाके सुईवर विरळ आणि वेडेवाकडे दिसतील. पट्टीच्या दोन फेऱ्यांनंतर ते दिसत नाही.

घट्ट कडेचा मोजा पूर्ण विणून झाला असेल तरी तो वाया जात नाही. कडेच्या लगेच खालच्या फेरीत एक टाका कापा, तो धागा टाक्याटाक्याने ओढून काढा, मोकळे होणारे टाके सुईवर घेत जा. पट्टीच्या उलट-सुलट रचनेनुसारच, पण दोन नंबर जाड सुईने, टाके सैल बंद करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कात्री लावायची भीती सोडली तर अवघड काही नाही.

गोल जोडताना पीळ, आणि आतबाहेर उलटलेला मोजा

टाके तीन किंवा चार सुयांवर वाटल्यावर सुया टेबलावर ठेवा आणि कडेच्या सगळ्या गाठी आतल्या बाजूला आहेत का ते बघा. एखाद्या सांध्यात कड सुईभोवती फिरली असेल तर नळीला पीळ बसतो. पहिल्या फेरीत लक्षात आलं तर सांध्याच्या धाग्यातून तो सोडवता येतो. त्यानंतर नाही, उसवावंच लागतं. हमखास इलाज हवा असेल तर पट्टीची पहिली ओळ सपाट विणा, मग गोल जोडा. विणलेली कड सुईवर सरळ बसते, पीळ लगेच दिसतो. राहिलेली एका ओळीची फट शेवटी सुरुवातीच्या शेपटाने शिवली जाते.

सुलट बाजू आत जात असेल तर तुम्ही कड्याच्या पलीकडच्या बाजूला विणताय. विणण्याची सुई आपल्या पोटाकडे हवी, बाकीच्या सुया पलीकडे. यात बिघडलेलं काहीच नसतं. नळी आतून बाहेर ढकला आणि चालू ठेवा.

दोन सुयांच्या सांध्यात उभी शिडी

दोन सुयांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत विरळ पट्टी दिसते, आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे. बहुतेक जण मग नव्या सुईवरचा पहिला टाका करकचून ओढतात. शिडी तशीच राहते. पहिला टाका ओढल्यावर हात दुसऱ्या टाक्याकडे जातो, आणि तेवढ्यात पहिला पुन्हा सैलावतो. ओढायचा तो दुसऱ्या टाक्यानंतर: दोन्ही टाके विणा, मग धागा खेचा, तेव्हा पहिला टाका खरा घट्ट बसतो.

दुसरं कारण कोनाचं. दोन सुया एकमेकींपासून फाकलेल्या असतील तर मधला धागा जास्त लांब लागतो. नवी सुई सुरू करताना तिचं टोक आधीच्या सुईवरच्या शेवटच्या टाक्याला अगदी भिडवून धरा. आणि पट्टी विणताना टाके असे वाटा की प्रत्येक सुईची सुरुवात सुलट टाक्याने होईल. सुरुवातीला उलट टाका आला की धागा पुढे आणावा लागतो, तेवढा तो जास्त जातो.

हे करूनही शिडी राहत असेल तर सांधाच हलवत राहा: साध्या विणीत प्रत्येक सुईवर पुढच्या सुईचे दोन टाके जास्त विणा. सैलपणा मग एका रेषेत साठत नाही. फेरीची सुरुवात मात्र सेफ्टी पिनने धरून ठेवा, नाहीतर टाच कुठे सुरू करायची ते हरवतं. एक लांब गोल सुई घेऊन मधली तार फासासारखी बाहेर काढून विणणाऱ्यांना सांधे दोनच असतात, पण वरचे नियम तिथेही तेच.

आधीच पडलेली शिडी उसवू नका. बोथट सुईने सांध्याच्या दोन्हीकडच्या तीन-तीन टाक्यांतून सैल धागा थोडा थोडा सरकवा आणि मोजा धुवा. सौम्य शिडी पहिल्या धुण्यातच मिटते.

सगळे टाके पिळलेले

जवळून पाहा: सुलट टाक्याचे दोन पाय खाली V सारखे जुळतात. ते एकमेकांवरून आडवे गेलेले दिसले तर टाका पिळला आहे. वीण कडक होते, नळी एका बाजूला कलते. अनेक वर्षं स्वेटर विणणाऱ्या तरबेज हातांकडूनही हे होतं, आणि त्यांना कळत नाही की अचानक काय झालं.

कारण असं. काही जण उलट टाक्यावर धागा उलट्या दिशेने गुंडाळतात. तो सोपा आणि जलद जातो. त्यामुळे टाका सुईवर फिरून बसतो, आणि पुढच्या ओळीत तो मागच्या पायातून विणला की पुन्हा सरळ होतो. सपाट विणीत हिशोब बरोबर जुळतो. मोज्याला उलट ओळ नाही, म्हणून टाका फिरलेला नसतोच, आणि सवयीने मागच्या पायातून विणला की पिळतो. गोल विणताना सुई पुढच्या पायात घालायची, एवढंच. टाक्याचा कोणता पाय सुईच्या पुढे आहे ते बघून विणायची सवय लागली की सुटलेला टाका सुईवर परत घेतानाही चूक होत नाही.

टाचेची पट्टी आणि वळण

६४ पैकी ३२ टाके पावलाच्या वरच्या भागासाठी थांबतात, उरलेल्या ३२ टाक्यांवर टाचेची पट्टी सपाट विणली जाते. सुलट बाजूने ओळभर ‘एक उचला, एक सुलट’ (उचलणं म्हणजे टाका न विणता उजव्या सुईवर घेणं), उलट बाजूने पहिला उचलून बाकी सगळे उलट. अशा ३२ ओळी. टाका उचलताना सुई उलट विणताना घालतो तशी घालायची, धागा विणीच्या आतल्या बाजूला ठेवायचा. धागा चुकून बाहेर राहिला की टाक्यावर आडवी रेघ उमटते. ३२ ओळींत कडेला उचललेल्या टाक्यांच्या १६ साखळ्या तयार होतात. त्या मोजा, पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पावलाचा वरचा भाग उंच असेल आणि मोजा टाचेतून खाली ओढला जात असेल, तर टाके वाढवू नका, पट्टी लांब करा: ३६ ओळी आणि १८ साखळ्या, किंवा ४० आणि २०.

मग टाचेला वाटीचा आकार देणारं वळण. त्याच्या पहिल्या दोन ओळी अशा:

सुलट बाजू: १ उचला, १६ सुलट, डावीकडे झुकणारी घट, १ सुलट, वळा.
उलट बाजू: १ उचला, ३ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट, वळा.

डावीकडे झुकणारी घट म्हणजे दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर घ्यायचे आणि मग दोन्ही मागच्या पायातून एकत्र विणायचे. यानंतर प्रत्येक ओळीत वळण्याच्या जागी एक फट दिसते. फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन टाके एकत्र करायचे, आणखी एक विणायचा, वळायचं.

इथे गोंधळ होतो तो फट न दिसल्याने, आणि फट दिसत नाही ती पहिला टाका उचलायचा राहिल्याने. विणीकडे बघून कळत नसेल तर न विणलेले टाके मोजा. वळताना डाव्या सुईवर राहिलेले टाके जोडीजोडीने उतरायला हवेत: १२, १२, मग १०, १०, मग ८, ८, असं शून्यापर्यंत. १४ ओळींनंतर सुईवर १८ टाके उरतात. मध्येच १२ नंतर ९ आले तर एक टाका जास्त विणला गेला. तेवढीच ओळ परत घ्या, सगळी टाच उसवायची गरज नाही.

कोपऱ्यातलं भोक

पहिल्या मोज्याची सगळ्यात जुनी तक्रार. टाचेची पट्टी आणि पावलाचे थांबलेले टाके जिथे भेटतात, तिथे दोन्हीकडे करंगळीचं टोक जाईल एवढं भोक.

पट्टीच्या ३२ आणि वळणाच्या १४, अशा ४६ ओळी फक्त टाचेवर विणल्या जातात. त्या सगळ्या वेळात दोन भागांना जोडून ठेवतो तो एकच आडवा धागा. काम फिरवताना, सुया हलवताना तो ताणला जातो, आणि शेजारच्या टाक्यांमधूनही धागा ओढून घेतो. टाके उचलायची वेळ येते तेव्हा तिथे एक मोठा सैल फास दिसतो. नवशिकी विणणारी बरोबर त्याच फासात सुई घालते, कारण सगळ्यात सोपी जागा तीच. त्या क्षणी भोक पक्कं होतं.

तेव्हा काळजी घ्यायची ती आधीपासून. थांबलेले ३२ टाके सुईवर पसरून ठेवू नका, मध्यभागी गोळा करा, किंवा वेगळ्या रंगाच्या धाग्यावर काढून ठेवा. धाग्यावरचे टाके कुणी ओढत नाही.

मग उचलणं. वळणाचे १८ टाके विणून झाल्यावर पट्टीच्या कडेच्या प्रत्येक साखळीतून धागा ओढून एक, असे १६ नवे टाके उचला. सुई साखळीच्या दोन्ही पायांखालून घाला. एकाच बाहेरच्या पायातून उचललं तर कडेला जाळी पडते. ते भोक नव्हे, पण दिसतं तसंच. सतरावा टाका कोपऱ्यासाठी. तो सैल फास पूर्ण वगळा. त्याच्या एक ओळ खाली, पट्टीच्या पायथ्याशी एक घट्ट, नीट टाका असतो, त्याच्या दोन्ही पायांखालून सुई घालून धागा ओढून घ्या. फास आपोआप मागे ढकलला जातो. मग ३२ टाके विणा, दुसऱ्या कोपऱ्यात तसाच एक, आणि दुसऱ्या कडेचे १६. बेरीज १८, १७, ३२ आणि १७, म्हणजे ८४.

पुढच्या फेरीत उचललेले टाके, फक्त त्या एकाच फेरीत, मागच्या पायातून विणा. वर ज्याला चूक म्हटलं तोच पीळ इथे मुद्दाम द्यायचा. उचललेला टाका त्याने आवळला जातो.

एवढ्यानेही फट दिसत असेल तर प्रत्येक कोपऱ्यात एकऐवजी दोन टाके उचला. मग ८४ ऐवजी ८६ होतात, घटीची एक फेरी वाढते, बाकी फरक नाही. घट एक फेरी सोडून एक करायची, दर वेळी दोन टाके: पावलाच्या वरच्या भागाआधी तीन टाके उरले की दोन एकत्र सुलट आणि एक सुलट, वरचा भाग संपल्यावर एक सुलट आणि डावीकडे झुकणारी घट. ८४ वरून ६४ वर यायला दहा वेळा, म्हणजे २० फेऱ्या. दोन्ही घटी उलटसुलट झाल्या तर कळीची, म्हणजे टाचेशेजारच्या तिकोनी भागाची रेघ दातेरी दिसते, पण मोजा बिघडत नाही. पहिल्या मोज्यात ते सोडून द्यावं.

मोजा संपल्यावर भोक सापडलं तर आतून बुजवा. बोथट सुईत तीच लोकर घ्या, भोकाभोवतीच्या सहा-सात टाक्यांचा एकेक पाय घेत गोल फिरा, हलकेच ओढा. बटवा आवळल्यासारखं ओढाल तर तिथे गाठ बसते, आणि ती बरोबर बुटाच्या कडेला टोचते.

लांबी आणि बोटं

पाऊल २४ सेंमीचं असेल तर मोजा २३ चा. बोटांचा भाग सुमारे ५ सेंमी घेतो, म्हणून टाचेच्या मागच्या टोकापासून १८ सेंमी झाले की घट सुरू. मोजा टेबलावर सपाट ठेवून मोजा. पायात घालून मोजलं की ताणलेली लांबी मिळते, आणि मोजा आखूड होतो.

टाके पुन्हा ३२-३२ असे दोन भागांत घ्या. प्रत्येक भागात एक सुलट, डावीकडे झुकणारी घट, शेवटचे तीन राहीपर्यंत सुलट, दोन एकत्र, एक सुलट. एक फेरी सोडून आठ वेळा, मग ३२ टाके राहिल्यावर सलग चार फेऱ्या. उरतात १६, आठ वर आणि आठ खाली. शेवटपर्यंत एक फेरी सोडत राहिलात तर टोक निमुळतं होतं आणि बोटांपुढे रिकामी शेंडी राहते.

शेवटचे टाके सुईने सांधताना मध्ये उलट टाक्यांची रेघ दिसली, तर क्रम चुकला आहे. पुढची सुई: पहिल्या टाक्यात सुलट दिशेने, तो सोडा, दुसऱ्यात उलट दिशेने, तो ठेवा. मागची सुई: पहिल्यात उलट दिशेने, सोडा, दुसऱ्यात सुलट दिशेने, ठेवा. सुरुवातीला एकदाच, पुढच्या पहिल्या टाक्यात उलट आणि मागच्या पहिल्यात सुलट दिशेने धागा घालून घ्यायचा. धागा नेहमी सुयांच्या टोकांखालून न्या; वरून गेला की नको तो एक फास वाढतो. दोन्ही टोकांना कानासारखे कोपरे येत असतील तर सांधण्याआधी प्रत्येक सुईवरचा कडेचा टाका शेजारच्यावरून ओलांडून टाका.

सांधणं जमतच नसेल तर घट चालू ठेवून ८ टाक्यांवर या, त्यांच्यातून धागा ओवून आवळा. टोक थोडं गोल येतं. बुटात कुणाला कळत नाही.

दुसरा मोजा जुळत नाही

पहिल्याच्या शेवटी हात बसलेला असतो, म्हणून दुसरा थोडा घट्ट येतो. सेंमीत मोजून दोघांची लांबी जुळवायला गेलं की फेऱ्या वेगळ्या होतात आणि मोजे शेजारी ठेवल्यावर टाच पुढेमागे दिसते. पहिल्या मोज्याच्या फेऱ्या लिहून ठेवा: पट्टी किती, नळी किती, टाचेच्या ओळी किती, घटीपर्यंत पाऊल किती. दुसरा त्याच आकड्यांनी विणा. एक-दोन मिलिमीटरचा फरक धुतल्यावर आणि ओला असताना हाताने ओढून घेतल्यावर जातो.

लोकर पुरेल का, ही शंका पहिला मोजा संपल्यावरच काट्यावर सोडवा. उरलेली गुंडी तयार मोज्याहून हलकी भरली तर दुसरा पुरा होणार नाही. अशा वेळी दुसऱ्या मोज्याची बोटं वेगळ्या रंगात विणण्यापेक्षा पहिल्याचीही उसवा आणि दोन्हीकडे तोच दुसरा रंग लावा. टोकाकडून सांधा सोडवला की वीस फेऱ्या पाच मिनिटांत उसवतात.